घोडेस्वाराच्या मागचा दिवा

मारेखची निवा आली ती गवताच्या ट्रॅक्टरला बांधून.
गिअर पडतो, इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही.
मी म्हणालो, क्लच.
चाळीस वर्षं अल्वानीत हेच हात काळे करतोय,
मी क्लच म्हटलं की क्लच.
लेक्सोने आणि मी गिअरबॉक्स उतरवला,
दुपार गेली, माझी कंबर गेली,
आणि क्लच निघाला कोरा करकरीत,
लग्नातल्या ताटासारखा.

"हाच उतरवायचा होता ना, मामा?"
मी त्याला पाव आणायला पिटाळलं.

सगळं परत चढवलं. चारी चाकं ठोकळ्यांवर.
मग सकाळीच करायला हवं होतं ते केलं:
गिअर टाकून खाली सरपटलो
आणि पुढचा शाफ्ट हाताने फिरवला.
मागचा उलटा फिरायला हवा.
एकाने डावं म्हटलं की दुसऱ्याने उजवं,
असा त्या दोघांचा संसार.
पुढचा फिरला.
मागच्याला पत्ताच नाही.

तेल सोडलं. तेल कसलं, चांदी कालवलेली काजळी.
बुचाच्या चुंबकाला दातांचा चुरा.
टायरच्या कडा किसणीवर घासल्यासारख्या.

"वळताना कुरकुरायची," मारेख म्हणाली,
"दीड वर्ष. मला वाटलं, मी नवी आहे म्हणून."
"आणि काल?"
"काल नातवाने आत झाडलं. कुठली दांडी हलली असेल तर."

छोटी दांडी. लॉकची.
मी ती ओढली, लेक्सोने क्लच सोडला,
आणि चारी चाकं ठोकळ्यांवरच उधळली.
कोंबड्या पळाल्या, लेक्सो किंचाळला,
आणि डॅशबोर्डवर चिकटवलेल्या कागदी चित्रात
घोड्यावरचा संत उजळला.

"आला परत," मारेख म्हणाली.
"बाकुरी गेल्यापासून रोज पेटतो. काल तेवढा विझला."

मी मान खाली घालून पाना शोधत राहिलो.
लॉक लागलं की तिथे नारिंगी दिवा लागतो.
तो कारखान्याने दिलाय.

डबा उघडला.
मधल्या डिफरन्शियलची आडवी पिन
निळी पडून मधोमध तुटलेली.
निळी म्हणजे भाजलेली.
आबानोचा घाट, गुडघाभर चिखल,
पुढची चाकं जागच्या जागी गरगरतायत,
तेल कमी, लॉक मोकळं,
आणि कुणीतरी तासभर रेटतोय.
मारेख तेव्हा गाडी चालवत नव्हती.
रेटणारा माझ्या ओळखीचा.
त्याची उधारीही आहे माझ्या वहीत.

पिन तुटल्यावर लॉक लावून उतरला असणार,
मागे मेंढीच्या कातड्यात चीज,
"पुढच्या आठवड्यात उशांगीकडे नेतो" म्हणाला असणार,
आणि दिवा बायकोला दिसू नये म्हणून
चर्चच्या दारातला दोन लारींचा संत
थुंकी लावून वर दाबला असणार.
तो पुढचा आठवडा काही आला नाही.

शेडमागे एक जळकी निवा पडून आहे.
वरून कोळसा, पण पोटातलं शाबूत.
तिची पिन काढली, तिचीच छोटी चाकं,
वायसर बदलत बदलत रात्रीचे अकरा,
तेल भोकातून ओघळेपर्यंत भरलं.
पुढचा शाफ्ट फिरवला.
मागचा उलटा फिरला, मुकाट.
लेक्सोला उठवून दाखवलं.
तो म्हणाला, बरं, आणि झोपला.

सकाळी मारेखला दांडी समजावली:
डांबरावर मोकळी, घाटात ओढायची.
चर्चपाशी ती वळली, हूं नाही की चूं नाही.
मग तशीच रिव्हर्समध्ये परत आली.

"संत विझला."
"घाटात पेटेल."
"खाली का नाही?"
मी चिंधीने हात पुसत राहिलो, पुसून झाले तरी.

तिने चित्राच्या कोपऱ्याखाली नख घातलं,
थोडं उचललं,
आत पाहिलं,
आणि अंगठ्याने ते पुन्हा नीट दाबून बसवलं.

"किती झाले?" म्हणाली.
"बाकुरीचे धरून सांग."